जनुकीय संबंध अभ्यासांची आलेखन साधने

जनुकीय संबंध अभ्यासांची आलेखन साधने म्हणजे जनुकसंचव्यापी संबंध अभ्यासांतून मिळणारे लक्षावधी सांख्यिकीय निष्कर्ष चित्ररूपाने मांडणाऱ्या संगणकीय आज्ञावली होत. मॅनहॅटन आलेख, क्यू-क्यू आलेख आणि प्रादेशिक आलेख हे त्यांतून तयार होणारे तीन प्रमुख चित्रप्रकार आहेत. हॅप्लोव्ह्यू, क्यूक्यूमॅन, लोकसझूम, फूमा आणि फीवेब ही या क्षेत्रातील परिचित साधने आहेत. ही साधने केवळ सजावटीची नाहीत. प्रयोगशाळेतील चूक प्रथम लक्षात येते ती बहुधा आलेखात, आणि एखाद्या जनुकाचे नाव एखाद्या रोगाशी जोडले जाते तेही पुष्कळदा आलेखावरील शीर्षकामुळे. त्यामुळे आलेख काढताना आज्ञावलीने परस्पर घेतलेले निर्णय कोणते, हे समजणे वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

मानवी जनुकसंचात सुमारे तीन अब्ज बेस-जोड्या असतात. त्यांपैकी बहुतांश सर्व माणसांत सारख्याच असल्या, तरी काही ठिकाणी एका व्यक्तीत एक अक्षर तर दुसऱ्या व्यक्तीत दुसरे अक्षर आढळते. अशा एकाक्षरी भेदाला एकल न्यूक्लिओटाइड बहुरूपता किंवा संक्षेपाने 'स्निप' म्हणतात. संबंध अभ्यासात एखादा रोग असलेल्या आणि नसलेल्या हजारो व्यक्तींमध्ये अशा लक्षावधी भेदस्थानांची तुलना केली जाते. रुग्णांमध्ये एखादे अक्षर अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळले, तर त्या स्थानाचा रोगाशी संबंध असल्याचे मानले जाते. उंची, रक्तदाब, वजन यांसारख्या मोजता येणाऱ्या गुणांसाठीही हीच पद्धत वापरतात.

या पद्धतीचे पहिले गाजलेले यश २००५ साली मिळाले. वार्धक्यात दृष्टी मंदावण्यास कारणीभूत होणाऱ्या पीतबिंदू-ऱ्हासाच्या ९६ रुग्णांची ५० निरोगी व्यक्तींशी तुलना करून, एक लाखाहून अधिक भेदस्थानांतून पहिल्या गुणसूत्रावरील सीएफएच या जनुकाचा संबंध दाखवण्यात आला. दोन वर्षांनी ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट केस कंट्रोल कन्सॉर्शियमने सात रोगांचे प्रत्येकी सुमारे २,००० रुग्ण आणि ३,००० जणांचा सामायिक नियंत्रण गट घेऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आज पाच लाख व्यक्तींच्या नोंदी असलेल्या यूके बायोबँकेसारख्या संग्रहांमुळे एकेका अभ्यासात कोटीभर भेदस्थाने तपासली जातात.

अशा अभ्यासाचे फलित म्हणजे एक अवाढव्य तक्ता असतो. त्यातील प्रत्येक ओळीत गुणसूत्राचा क्रमांक, स्थान, दोन पर्यायी अक्षरे, परिणामाचे मापन, त्यातील प्रमाणत्रुटी आणि पी-मूल्य दिलेले असते. पी-मूल्य म्हणजे प्रत्यक्षात काहीच संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता. ती जितकी लहान, तितका पुरावा बळकट. मात्र दहा लाख स्वतंत्र चाचण्या केल्या, तर वीसात एक हा नेहमीचा निकष पन्नास हजार खोटे संबंध दाखवील. म्हणून त्या निकषाला दहा लाखांनी भागून दोन कोटींत एक, अशी कडक मर्यादा या क्षेत्रात रूढ झाली आहे.

कोटीभर ओळींचा तक्ता डोळ्यांनी वाचणे कोणालाही शक्य नाही. आलेखाची गरज येथूनच सुरू होते.

मॅनहॅटन आलेख

या आलेखात आडव्या अक्षावर गुणसूत्रे १ ते २२ आणि एक्स ही क्रमाने एकापुढे एक मांडतात. प्रत्येक भेदस्थान म्हणजे एक ठिपका. उभ्या अक्षावर पी-मूल्याचा दहाच्या पायावरील लघुगणक, चिन्ह उलटून दाखवतात. पी-मूल्य हजारात एक असेल तर ठिपका ३ या उंचीवर येतो, कोटीत एक असेल तर ७ वर. दोन कोटींत एक ही मर्यादा साधारण ७.३ या उंचीवर आडव्या रेषेने दाखवली जाते. लगतची गुणसूत्रे ओळखू यावीत म्हणून त्यांना आलटूनपालटून दोन रंग देतात. बहुतेक ठिपके तळाशी दाट पट्टा करून राहतात आणि मोजक्या ठिकाणी ठिपक्यांचे मनोरे वर जातात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावरील गगनचुंबी इमारतींच्या रेषेशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले.

मनोऱ्याचा आकार हा स्वतःच एक पुरावा असतो. गुणसूत्रावर जवळजवळ असलेली भेदस्थाने पिढ्यान् पिढ्या एकत्र वारशाने येतात. या गुणधर्माला सहलग्नता असंतुलन म्हणतात. त्यामुळे एखाद्या स्थानाचा रोगाशी खरा संबंध असेल, तर त्याच्या शेजाऱ्यांनाही तो कमीअधिक प्रमाणात दिसतो, आणि ठिपक्यांची रांग खालून वर चढत गेलेली दिसते. दाट तपासणी झालेल्या भागात एकच ठिपका अधांतरी वर गेला असेल आणि त्याच्याखाली कोणीच नसेल, तर अनुभवी वाचक आधी प्रयोगातील दोषाची शंका घेतो.

अशा शंकेचे निरसन करण्यासाठी आणखी एक आलेख वापरतात. जनुकीय चिपवर प्रत्येक व्यक्तीच्या दोन्ही अक्षरांचे संकेत प्रकाशाच्या तीव्रतेने मोजले जातात. ते आलेखावर मांडले की व्यक्तींचे तीन स्पष्ट पुंजके पडायला हवेत. पुंजके एकमेकांत मिसळले असतील, तर अक्षरांची नोंदच अविश्वसनीय ठरते. २००७ च्या ब्रिटिश अभ्यासात महत्त्वाच्या भेदस्थानांचे पुंजके संशोधकांनी स्वतः डोळ्यांनी तपासले होते. पुढे याच कामासाठी एव्होकर ही आज्ञावली २०१० मध्ये उपलब्ध झाली.

ही तपासणी किती आवश्यक आहे, हे त्याच वर्षी दिसून आले. शतायुषी व्यक्तींच्या जनुकीय खुणा सांगणारा एक निबंध जुलै २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शतायुषी आणि तुलना गट यांच्या तपासणीत वापरलेल्या चिपांचे प्रकार सारखे नव्हते, आणि त्यांपैकी एका प्रकारच्या चिपवर काही भेदस्थानांची नोंद सदोष होत असल्याचे इतर संशोधकांनी लगेचच निदर्शनास आणले. आयुर्मानातील फरक म्हणून जे दिसत होते, त्यातील काही भाग चिपांमधील फरकाचा होता. लेखकांनी २०११ मध्ये निबंध मागे घेतला आणि दुरुस्त केलेले विश्लेषण २०१२ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

उभा अक्ष कोठे तोडायचा हाही निर्णयच असतो. सहाव्या गुणसूत्रावरील, रोगप्रतिकाराशी निगडित जनुकांच्या भागात पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि संधिवाताभ आमवात यांचे मनोरे इतके उंच जातात की बाकीचे चित्र चपटे होते. म्हणून २००७ च्या सात रोगांच्या आलेखांत अक्ष १५ या उंचीवर छाटला होता आणि तसे चित्राखाली स्पष्ट लिहिले होते. त्याच चित्रात उच्च रक्तदाबाच्या पट्टीत त्या अभ्यासाची कडक मर्यादा ओलांडणारा एकही मनोरा नव्हता. पुढील काळात अधिक मोठ्या अभ्यासांनी रक्तदाबाशी संबंधित शेकडो स्थाने शोधली. रिकाम्या आलेखाचा अर्थ संबंध नाही असा नसून, या आकाराच्या नमुन्यात तो दिसला नाही एवढाच असतो.

मॅनहॅटन आलेख काढणे वरवर सोपे वाटते, पण प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. पहिली ठिपक्यांच्या संख्येची. एक कोटी ठिपके रेषाचित्राच्या स्वरूपात साठवले तर फाइल इतकी जड होते की ती उघडतानाच संगणक अडखळतो. त्यामुळे बहुतेक आज्ञावली तळाच्या, बिनमहत्त्वाच्या पट्ट्यातील ठिपके विरळ करतात किंवा चित्र बिंदुरूपात साठवतात. दुसरी अडचण शून्याची आहे. संगणकाची नेहमीची अंकपद्धती दहाच्या उणे ३०८ व्या घाताच्या आसपास अचूकता गमावू लागते आणि त्याहून फारच लहान संख्येला शून्य समजते. शून्याचा लघुगणक काढता येत नाही. परिणामी अभ्यासातील सर्वांत बलवान संकेतच आलेखातून नाहीसा होतो, आणि आज्ञावली कित्येकदा त्याची सूचनाही देत नाही. यावर उपाय म्हणून प्लिंकची दुसरी आवृत्ती आणि रेजिनी यांसारख्या विश्लेषण आज्ञावली पी-मूल्याऐवजी थेट त्याचा लघुगणक देऊ शकतात.

क्यू-क्यू आलेख

मॅनहॅटन आलेखाच्या जोडीने जवळजवळ प्रत्येक निबंधात क्यू-क्यू आलेख असतो. कोणताही संबंध नसता तर पी-मूल्ये कशी विखुरली असती हे आडव्या अक्षावर, आणि प्रत्यक्ष मिळालेली मूल्ये उभ्या अक्षावर मांडतात. अभ्यास निर्दोष असेल तर ठिपके कर्णरेषेला चिकटून चालतात आणि शेवटी, खरे संबंध असलेल्या टोकाशी, वर वळतात. ठिपके सुरुवातीपासूनच रेषा सोडून वर जात असतील, तर रुग्ण आणि नियंत्रण गट वेगवेगळ्या वंशसमूहांतून आले असण्याची शक्यता असते. हे विचलन मोजण्यासाठी बर्नी डेव्हलिन आणि कॅथरीन रोडर यांनी १९९९ मध्ये मांडलेला लॅम्डा हा गुणक वापरतात. त्याचे आदर्श मूल्य १ असते.

मोठ्या अभ्यासांत मात्र हा साधा नियम पुरत नाही. उंचीसारख्या गुणावर हजारो स्थानांचा थोडाथोडा परिणाम होत असल्यामुळे, काहीही दोष नसतानाही ठिपके लवकर वर उचलले जातात. २०१५ मध्ये पुढे आलेल्या सहलग्नता-गुणांक समाश्रयण पद्धतीने या दोन कारणांत फरक करता येऊ लागला. क्यू-क्यू आलेखाकडे पाहून अभ्यास सदोष ठरवण्याची जुनी सवय त्यामुळे मागे पडली आहे.

दोन्ही आलेख काढण्यासाठी आर या संगणकीय भाषेतील क्यूक्यूमॅन हा संच सर्वपरिचित आहे. स्टीफन टर्नर यांनी तयार केलेला हा संच मुक्त स्रोत असून, प्लिंकचे फलित त्याला थेट वाचता येते. एकेका ओळीच्या आज्ञेत आलेख तयार होत असल्यामुळे विद्यार्थ्यांची सुरुवात बहुधा येथूनच होते.

प्रादेशिक आलेख आणि लोकसझूम

मॅनहॅटन आलेखात एका मनोऱ्याची रुंदी कागदावर जेमतेम एखादी रेघ भरते. त्या रेघेत प्रत्यक्षात लाखो बेस-जोड्या आणि अनेक जनुके सामावलेली असतात. तो भाग मोठा करून पाहण्यासाठी प्रादेशिक आलेख काढतात. यासाठी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विकसित झालेले लोकसझूम हे साधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची चित्रशैली या क्षेत्राची जणू प्रमाणभाषा बनली.

लोकसझूमच्या चित्रात चार थर एकावर एक येतात. सर्वांत बलवान भेदस्थान जांभळ्या चौकटीने दाखवतात. बाकीच्या ठिपक्यांना त्या स्थानाशी असलेल्या सहलग्नतेनुसार गडद निळा, फिकट निळा, हिरवा, नारिंगी आणि लाल असे पाच रंग देतात. सहलग्नतेचे माप आर-वर्ग हे ० ते १ या दरम्यान असते, आणि ०.८ च्या वरचे ठिपके लाल होतात. पार्श्वभूमीला निळ्या रेषेने पुनर्संयोजनाचा दर दाखवतात. ही रेषा जेथे उसळते तेथे वारशाची साखळी तुटते, आणि मनोरा बहुधा अशा दोन उसळ्यांच्या मध्येच संपतो. तळाशी त्या भागातील जनुके बाणांनी दाखवलेली असतात. हिरवा आणि लाल हे रंग एकाच मोजपट्टीवर ठेवण्याची ही निवड रंगांधळ्या वाचकांसाठी गैरसोयीची आहे, तरीही सवयीने ती टिकून आहे.

मूळ साधन पायथन आणि आर या भाषांत होते. पुढे जावास्क्रिप्टमध्ये नवी आवृत्ती लिहिली गेली. तिच्यामुळे चित्र स्थिर न राहता त्यातील ठिपक्यावर बोट ठेवून तपशील वाचता येऊ लागला.

प्रादेशिक आलेखात होणारी एक साधी पण वारंवार घडणारी चूक स्थानांकनाची आहे. जनुकसंचाचा संदर्भ नकाशा वेळोवेळी सुधारला जातो, आणि प्रत्येक आवृत्तीत त्याच अक्षराचा क्रमांक बदलतो. उदाहरणार्थ, आरएस ९९३९६०९ हे भेदस्थान सोळाव्या गुणसूत्रावर जीआरसीएच ३७ या आवृत्तीत ५,३८,२०,५२७ क्रमांकावर आहे, तर २०१३ मध्ये आलेल्या जीआरसीएच ३८ मध्ये ५,३७,८६,६१५ क्रमांकावर. फलित एका आवृत्तीतील आणि जनुकांची यादी दुसऱ्या आवृत्तीतील असेल, तर ठिपके सुमारे ३४ हजार बेस-जोड्यांनी सरकतात. चित्र नीटनेटके दिसते, पण मनोरा भलत्याच जनुकावर उभा राहू शकतो.

जवळच्या जनुकाचे नाव

वर उल्लेखिलेले आरएस ९९३९६०९ हे भेदस्थान एफटीओ या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात रूपांतर न होणाऱ्या भागात आहे. त्याचा लठ्ठपणाशी असलेला संबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गुणसूत्रांवर जोखमीचे अक्षर असलेल्या प्रौढ व्यक्तींचे वजन, ते मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोग्रॅमने अधिक भरत होते. आलेखावरील मनोरा सरळ एफटीओच्या बाणावर उभा होता, आणि 'लठ्ठपणाचे जनुक' म्हणून वृत्तपत्रांतून त्याचीच प्रसिद्धी झाली.

२०१४ मध्ये या चित्राला वेगळे वळण मिळाले. एफटीओच्या त्या इंट्रॉनमधील भाग सुमारे पाच लाख बेस-जोड्या दूर असलेल्या आयआरएक्स३ या जनुकाच्या प्रारंभस्थानाशी प्रत्यक्ष संपर्कात येतो, असे आढळले. गुणसूत्राचा धागा पेशीकेंद्रात वळसे घेत असल्यामुळे दूरची टोके अशी एकत्र येऊ शकतात. २०१५ मध्ये त्याच इंट्रॉनमधील आरएस १४२१०८५ या स्थानी टी ऐवजी सी हे अक्षर आल्यास, मेदपेशींच्या पूर्वपेशींत आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ यांचे कार्य वाढते, असे दुसऱ्या गटाने दाखवले. मनोरा एका जनुकावर असला, तरी त्याचा परिणाम दुसऱ्यावर होत होता.

येथे आलेखाच्या चौकटीचा मुद्दा येतो. प्रादेशिक आलेखात मुख्य स्थानाच्या दोन्ही बाजूंना दोन ते चार लाख बेस-जोड्या दाखवणे ही नित्याची पद्धत आहे. अशी चौकट ठेवली तर आयआरएक्स३ हे जनुक चित्रात येतच नाही. वाचकाला फक्त एफटीओ आणि त्याचे लगतचे शेजारी दिसतात, आणि जे चित्रात नाही त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. मॅनहॅटन आलेखावर मनोऱ्याच्या टोकाशी सर्वांत जवळच्या जनुकाचे नाव आपोआप लिहिण्याची सोय अनेक साधनांत आहे. ते नाव पत्त्यासारखे वाचले पाहिजे, निदानासारखे नव्हे.

ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातून पुढची साधने आली. ॲम्स्टरडॅमच्या व्ह्राये विद्यापीठात तयार झालेले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले फूमा हे संकेतस्थळ जनुके केवळ अंतरावरून न निवडता, जनुकांच्या कार्यावरील परिणामाची माहिती आणि गुणसूत्रांच्या वळशांची माहितीही विचारात घेते. दूरचे संपर्क ते गोलाकार आलेखात कमानींनी दाखवते. २०१९ मधील लोकसकंपेअर हे साधन दोन अभ्यासांचे संकेत एकाच चौकटीत समोरासमोर मांडते. रोगाचा संकेत आणि एखाद्या जनुकाच्या कार्याचा संकेत एकाच भेदस्थानातून येतो की शेजारच्या दोन स्थानांतून, हे त्यावरून ताडता येते.

संदर्भ नमुने आणि भारतीय लोकसंख्या

प्रादेशिक आलेखातील रंग अभ्यासात सहभागी झालेल्या व्यक्तींवरून ठरतात, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसे नसते. सहभागींची व्यक्तिगत जनुकीय माहिती गोपनीय असल्यामुळे, सहलग्नता एखाद्या सार्वजनिक संदर्भ नमुन्यावरून काढली जाते. वारशाची साखळी प्रत्येक लोकसमूहाच्या इतिहासाप्रमाणे वेगळी असते. नमुना चुकीचा निवडला, तर एकाच संकेताचे शेजारी निळे पडून स्वतंत्र संकेत असल्यासारखे भासतात, किंवा खरोखरच स्वतंत्र असलेला दुसरा संकेत लाल ठिपक्यांत मिसळून जातो.

आरंभीची साधने हॅपमॅप प्रकल्पाच्या माहितीवर चालत. त्याच्या पहिल्या दोन टप्प्यांत अमेरिकेच्या युटा राज्यातील युरोपीय वंशाचे, नायजेरियातील इबादानचे योरुबा, टोकियोतील जपानी आणि बीजिंगमधील हान चिनी, असे चार समूह होते. त्यांत दक्षिण आशियातील कोणीही नव्हते. तिसऱ्या टप्प्यात अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात राहणाऱ्या गुजराती लोकांचा नमुना जोडला गेला. त्यानंतरच्या १००० जीनोम प्रकल्पाच्या २०१५ मधील अंतिम संचात २६ समूहांतील २,५०४ व्यक्ती आहेत. त्यांपैकी ४८९ दक्षिण आशियाई असून ते पाच समूहांतून आले आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, आणि ब्रिटनमध्ये राहणारे तेलुगू व श्रीलंकेचे तमिळ. या पाचांपैकी भारतात घेतलेला एकही नमुना नाही, आणि मराठी भाषकांचा स्वतंत्र नमुनाही नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एफटीओच्या संबंधाची भारतीयांमधील तपासणी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी केली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हा संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास नव्हता, निवडक स्थानांचा होता. युरोपीय लोकांत एफटीओचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला संबंध शरीराच्या वजनामार्फत येतो आणि वजनाचा हिशेब केल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. भारतीय नमुन्यात मात्र वजन विचारात घेतल्यावरही तो टिकून राहिला. एकाच मनोऱ्याचा अर्थ दोन लोकसमूहांत वेगळा असू शकतो. असा फरक पडताळताना चित्रातील शेजारसंबंध परक्या समूहाकडून उसने घेतलेले असणे, ही मोठी अडचण ठरते.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे अभ्यासातील व्यक्तींवरूनच सहलग्नता काढणे. प्लिंकच्या साहाय्याने ती काढून लोकसझूमच्या संगणकावर चालणाऱ्या आवृत्तीला पुरवता येते. ज्यांच्याकडे मूळ माहिती नाही त्यांच्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे एलडीलिंक हे २०१५ पासूनचे संकेतस्थळ उपयुक्त आहे. त्यात समूह स्वतः निवडता येतो आणि दोन समूहांतील फरक पाहता येतो. भारतापुरती परिस्थिती बदलण्याची शक्यता जीनोम इंडिया प्रकल्पामुळे निर्माण झाली आहे. ८३ लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जनुकसंच या प्रकल्पात वाचले गेले असून, ती माहिती फरीदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवण्यात आली आहे. संशोधकांना ती जानेवारी २०२५ पासून परवानगीने उपलब्ध होऊ लागली.

जुनी साधने

या क्षेत्रात आज्ञावली लवकर जुन्या होतात. ब्रॉड इन्स्टिट्यूटमधील हॅप्लोव्ह्यू हे २००५ मधील जावा भाषेतले साधन सहलग्नतेचा उलटा त्रिकोण दाखवण्यासाठी एके काळी सर्वत्र वापरले जाई. प्लिंकच्या चित्ररूप आवृत्तीशी ते जोडलेलेही होते. आता त्याचा विकास थांबला आहे, पण त्याचा लाल-पांढरा त्रिकोण जुन्या निबंधांत वारंवार भेटतो. ड्यूक विद्यापीठातील डब्ल्यूजीएव्ह्यूअर आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटचेच स्नॅप ही २००८ च्या सुमाराची साधनेही आता प्रचारात राहिलेली नाहीत. जुना आलेख पुन्हा काढून पडताळायचा असेल, तर मूळ साधन चालत नाही आणि त्यातील संदर्भ नमुनाही बदललेला असतो. म्हणून आलेखाखाली आज्ञावलीची आवृत्ती, नकाशाची आवृत्ती आणि संदर्भ समूह या तीन गोष्टी लिहिण्याचा आग्रह धरला जातो. तो पाळला जातोच असे नाही.

संकेतस्थळांवरील दर्शके आणि गोपनीयता

एकाच संग्रहात हजारो गुणांचे अभ्यास होऊ लागल्यावर प्रत्येकाचा वेगळा आलेख काढून छापणे अशक्य झाले. मिशिगन विद्यापीठातच तयार झालेले फीवेब हे मुक्त स्रोत साधन सर्व निष्कर्षांचे एक शोधता येण्याजोगे संकेतस्थळ उभे करते. त्यात एका गुणाचा मॅनहॅटन आलेख पाहून मनोऱ्यावर टिचकी मारली की प्रादेशिक आलेख उघडतो. तेथील ठिपका निवडला की त्या एका भेदस्थानाचा सर्व रोगांशी असलेला संबंध दुसऱ्या आलेखात दिसतो. या शेवटच्या चित्रात आडव्या अक्षावर गुणसूत्रांऐवजी रोगांचे वर्ग असतात. फिनलंडच्या फिनजेन प्रकल्पाचे निष्कर्ष याच पद्धतीने खुले केलेले आहेत.

निष्कर्ष असे खुले ठेवणे नेहमीच निर्धोक मानले गेले नव्हते. एखाद्या व्यक्तीचा जनुकीय नमुना हाती असेल, तर केवळ गटाच्या सरासरी आकड्यांवरून ती व्यक्ती त्या अभ्यासात होती की नाही हे ओळखता येऊ शकते, असे २००८ मध्ये दाखवण्यात आले. एखाद्या रोगाच्या रुग्णगटात कोणाची उपस्थिती सिद्ध होणे म्हणजे त्याचा आजार उघड होणे होय. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी असे एकत्रित आकडे सार्वजनिक संकेतस्थळावरून काढून घेतले. बहुतेक अभ्यासांसाठी हे निर्बंध २०१८ मध्ये शिथिल करण्यात आले. आज लोकसझूमच्या लोकलझूम या आवृत्तीत संशोधकाची फाइल त्याच्याच संगणकावर राहते. ती सर्व्हरवर न चढवता न्याहाळकातच वाचून आलेख काढला जातो. अद्याप अप्रकाशित किंवा संवेदनशील माहितीसाठी ही सोय विशेष उपयोगी पडते.

आलेखाची क्षमता

मॅनहॅटन आलेखाची रचना मोजके मनोरे गृहीत धरून झाली होती. नमुने वाढत गेले तसे हे गृहीतक ढासळले. छिन्नमनस्कतेच्या २०१४ मधील आंतरराष्ट्रीय अभ्यासात १०८ स्थाने आढळली, तेव्हा चित्र अजून वाचता येत होते. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख व्यक्तींच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२,१११ स्वतंत्र भेदस्थाने मिळाली. एवढे मनोरे एकमेकांना खेटून उभे राहिले की आकाशरेषाच उरत नाही, सलग भिंत होते. त्या निबंधात म्हणून वेगळ्या प्रकारचा आलेख वापरला गेला. त्याला ब्रिस्बेन आलेख असे नाव दिले गेले. त्यात ठिपक्याची उंची पी-मूल्य सांगत नाही, तर त्या भेदस्थानाच्या आसपास आणखी किती स्वतंत्र संकेत दाटलेले आहेत, ते सांगते.